बाहेरचा मॉनिटर जोडला की लॅपटॉप स्लो का होतो? सोलापूरकरांकडून वारंवार येणारे प्रश्न

मी लॅपटॉप दुरुस्तीचं काम करते. दर उन्हाळ्यात एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडून ऐकू येते: "एरवी बरा चालतो, मॉनिटर लावला की मान टाकतो." जुळे सोलापुरात घरून काम करणारी मुलं, अक्कलकोट रोड एमआयडीसीतले टॉवेल-चादरीचे डिझायनर, मार्चअखेरीला दोन स्क्रीनवर हिशेब लावणारे अकाउंटंट, लग्नाचे अल्बम करणारे फोटोग्राफर, सगळे हेच सांगतात. यातले कितीतरी जण नवा लॅपटॉप घ्यायच्या तयारीने येतात आणि एक केबल बदलून परत जातात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न त्यांच्याच शब्दांत इथे ठेवले आहेत.

१. मॉनिटर लावल्यावर लॅपटॉप खरंच स्लो होतो, की मलाच तसं वाटतं?

दोन्ही शक्य आहे, आणि आधी हेच वेगळं करायला हवं. "स्लो" या एका शब्दात लोक तीन निरनिराळी दुखणी सांगतात.

एक, सगळंच जड झालंय: एक्सेल उघडायला वेळ लागतो, टाइप केलेलं अक्षर उशिरा उमटतं, पंखा सारखा ओरडतो. इथे लॅपटॉप खरोखर दमलाय. दोन, कामं वेळेत होतात, पण मॉनिटरवर माउसचा बाण ओढत नेल्यासारखा सरकतो आणि तोच बाण लॅपटॉपच्या स्क्रीनवर मात्र सुळकन पळतो. हा केबलचा किंवा पोर्टचा मामला आहे, प्रश्न ५ पाहा. तीन, फक्त इंटरनेट मंदावतं किंवा ब्लूटूथ माउस अडखळतो. त्याचं कारण अगदी वेगळं आहे, ते प्रश्न १२ मध्ये.

२. दुकानात आणण्याआधी घरी काय तपासू?

मॉनिटर काढून ठेवा, लॅपटॉप रीस्टार्ट करा, रोजचं काम उघडा आणि दहा मिनिटं चालू द्या. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्समध्ये जाऊन चार आकडे कागदावर लिहा: सीपीयू (मुख्य प्रोसेसर) किती टक्के, त्याचा स्पीड किती गिगाहर्ट्झ, मेमरी (रॅम) किती टक्के, जीपीयू (ग्राफिक्सची चिप) किती टक्के. आता मॉनिटर जोडा, तेच काम तितकाच वेळ करा आणि पुन्हा चार आकडे लिहा.

मेमरी नव्वदच्या पुढे गेली असेल तर प्रश्न ४. जीपीयू सतत नव्वदच्या वर असेल तर प्रश्न ३, आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर ९ सुद्धा. सीपीयू जोरात कामाला लागलाय पण त्याचा स्पीड शेजारी लिहिलेल्या बेस स्पीडच्याही खाली घसरलाय, तर उष्णता किंवा वीज: प्रश्न ६ आणि १०. चारही आकडे जवळपास तेच राहिले आणि तरी स्लो वाटतंय, तर प्रश्न ५.

कागदावर लिहा असं मुद्दाम सांगते. "मघाशी कमी होता वाटतं" यावर कुठलंच निदान करता येत नाही. हा कागद घेऊन येणाऱ्या माणसाचं काम माझ्याकडे अर्ध्या वेळात होतं.

३. मॉनिटरला स्वतःची वायर आहे, तो स्वतःच्या विजेवर चालतो. मग लॅपटॉपवर भार कसला?

मॉनिटर उजेड स्वतः पाडतो, पण त्यावर काय दिसायचं हे साधारणपणे सेकंदाला ६० वेळा लॅपटॉपलाच पाठवावं लागतं. आणि चित्र म्हणजे ठिपके. जुन्या लॅपटॉपच्या १३६६ बाय ७६८ स्क्रीनवर साधारण १०.५ लाख ठिपके असतात. फुल एचडीवर २०.७ लाख. फोर-के मॉनिटरवर जवळजवळ ८३ लाख. म्हणजे तो जुना लॅपटॉप फोर-केला जोडला, की कालपर्यंत साडेदहा लाख ठिपके सांभाळणाऱ्या ग्राफिक्सवर आज ९३ लाखांचा संसार येऊन पडतो. जवळपास नऊपट.

साध्या लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सची वेगळी चिप नसते, ती प्रोसेसरच्या पोटातच असते. तिला स्वतःची मेमरी नसते, ती तुमच्या रॅममधूनच वाटा घेते. फोर-केचं एक पूर्ण चित्र साधारण ३३ एमबीचं, सेकंदाला ६० म्हणजे दर सेकंदाला सुमारे २ जीबीची ने-आण, आणि ही फक्त तयार चित्र मॉनिटरकडे धाडण्याची. खिडक्या एकावर एक रचून ते चित्र तयार करायचं काम वेगळंच. शिवाय पातळ लॅपटॉपमधल्या १५ वॅटच्या प्रोसेसरमध्ये तेवढ्याच १५ वॅटांवर सीपीयूही जगतो आणि ग्राफिक्सही. एकाच ताटात दोघं जेवणारे. ग्राफिक्सने जास्त घेतलं की सीपीयूला कमी उरतं, म्हणून चित्राशी काही संबंध नसलेली टॅलीसुद्धा जड वाटू लागते.

यावर बिनखर्चाचे दोन उपाय आहेत. पहिला, विंडोज बटण आणि पी दाबून "सेकंड स्क्रीन ओन्ली" निवडा. लॅपटॉपची स्क्रीन बंद होते आणि तिचे ठिपके वाचतात. दुसरा, फोर-के मॉनिटरचं रिझोल्यूशन १९२० बाय १०८० वर आणा. फोर-के आडवा-उभा त्याच्या बरोबर दुप्पट असल्यामुळे अक्षरं बऱ्यापैकी स्वच्छ राहतात. मधलं २५६० बाय १४४० निवडलंत तर हिशेब पूर्ण आकड्यात बसत नाही आणि अक्षरांच्या कडा पुसट दिसतात. जकार्डचं डिझाइन ठिपका-ठिपका बघत करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. तिथे पुसट कड म्हणजे डोळ्यांना विनाकारण शिक्षा.

४. माझा मॉनिटर साधा फुल एचडी आहे, फोर-के नाही. तरी अडकतो. असं का?

मग पहिला संशय रॅमवर. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर क्लिक करा, "स्लॉट्स यूज्ड" दिसेल. तिथे "२ पैकी १" असेल, तर तुमचा लॅपटॉप एका लेनच्या रस्त्यावर चालतोय. दोन सारख्या रॅम बसवल्या की दोन लेन होतात आणि ने-आणीची क्षमता दुप्पट. वर सांगितल्याप्रमाणे ग्राफिक्स रॅममधूनच जगत असल्याने फरक लगेच जाणवतो. इंटेलच्या अकराव्या पिढीतल्या काही लॅपटॉपमध्ये तर एकच रॅम असेल तर ग्राफिक्सचं नाव नुसतं "यूएचडी" दिसतं, आणि दुसरी बसवली की त्याच चिपचं नाव "आयरिस एक्सई" होतं. चिप तीच, पण एका रॅमवर ती अर्धपोटी असते.

एकूण रॅम ४ जीबी असेल तर दुसरं कारण शोधूच नका. दुसरा स्क्रीन आला की माणूस दुप्पट टॅब उघडतो, हा माझा नेहमीचा अनुभव. जागा मिळाली की सामान वाढतं.

रॅम घेण्याआधी मॉडेल पाहून खात्री करा की स्लॉट खरोखर आहे. कित्येक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच झाळलेली असते, ती वाढवता येत नाही.

५. ताई, माउसचा बाण मॉनिटरवर रबरासारखा ओढला जातो. व्हायरस असेल का?

नाही. बहुतेक तुमचा मॉनिटर ३० हर्ट्झवर चालतोय. सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले असं जा आणि मॉनिटर निवडून रिफ्रेश रेट बघा. ६० असेल तर चित्र दर १७ मिलिसेकंदांना बदलतं, ३० असेल तर ३३ ला. हाताला हा फरक लगेच कळतो, आणि मेंदू त्याला "लॅपटॉप स्लो" असं नाव देतो.

कारण बहुधा एचडीएमआय, म्हणजे चित्र पाठवणारी नेहमीची केबल आणि तिचं पोर्ट. २००९ साली आलेली १.४ आवृत्ती फोर-केला ३० हर्ट्झच देऊ शकते. ६० हवे असतील तर २०१३ ची २.० लागते, आणि ती लॅपटॉपचं पोर्ट, केबल आणि मॉनिटरचं पोर्ट या तिन्ही ठिकाणी लागते. एकही कडी जुनी असली की साखळी तिच्यावर येऊन थांबते. इंटेलच्या आठव्या पिढीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये एचडीएमआय जुनंच आहे, पण शेजारच्या यूएसबी-सीमधून डिस्प्लेपोर्ट (चित्र पाठवायची एचडीएमआयसारखीच दुसरी पद्धत) निघतं आणि ते फोर-केला ६० देतं. अशा वेळी लॅपटॉप तोच, मॉनिटर तोच, फक्त यूएसबी-सी ते डिस्प्लेपोर्ट केबल घ्यायची.

लॅपटॉप आणि मॉनिटरच्या मधे यूएसबी-सी हब (एका पोर्टची अनेक पोर्ट करणारा डबा) असेल तर तोही बघा. हबच्या खोक्यावर "फोर-के" मोठ्या अक्षरात आणि "३० हर्ट्झ" बारीक अक्षरात छापलेलं असतं. काही डॉक (म्हणजे मोठे हब) मात्र वेगळ्याच जातीचे: ते डिस्प्लेलिंक नावाच्या तंत्रावर चालतात, वेगळा ड्रायव्हर मागतात, आणि चित्र आवळून साध्या यूएसबीतून पाठवण्याचं काम तुमच्या सीपीयूकडून करून घेतात. डॉकला जोडल्यावर सीपीयू चढतो आणि थेट एचडीएमआयला जोडल्यावर उतरतो, तर चोर डॉक आहे.

६. सकाळी नीट चालतो, दुपारी दोननंतर मॉनिटर लावला की बसतोच. असं कसं?

हा खास आपल्या गावचा प्रश्न आहे, आणि त्याचं गणित समजून घेण्यासारखं आहे. बऱ्याच प्रोसेसरना साधारण १०० अंशांची मर्यादा असते. तिथे पोचले की ते स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतात. आता पंखा किती उष्णता बाहेर काढू शकतो हे चिप आणि खोलीची हवा यांच्यातल्या फरकावर ठरतं. खोली २५ अंशांची असेल तर तो फरक ७५ चा. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या खोलीत हवा ४२ अंशांची असेल तर फरक उरतो ५८. म्हणजे तोच पंखा, तोच लॅपटॉप, पण उष्णता काढायची ताकद जवळपास पाव भागाने घटली. नुसता लॅपटॉप चालवताना हे निभून जातं. मॉनिटर लावला की ग्राफिक्सचे चार-पाच वॅट वाढतात आणि काठावर उभा असलेला लॅपटॉप घसरतो.

म्हणून मागची बाजू दोन बोटं उचलून ठेवा. गादीवर, चादरीवर ठेवून काम करू नका. आपल्या सोलापुरी चादरीची वीण कितीही छान असली तरी ती लॅपटॉपच्या तळाची भोकं बंद करते. जड काम, म्हणजे व्हिडिओ रेंडर किंवा शंभर फोटो एक्सपोर्ट, पहाटे किंवा रात्री लावा. प्रोसेसरची कमाल मर्यादा पॉवर ऑप्शन्समधून १०० वरून ९९ टक्के केली तर अनेक लॅपटॉपमध्ये टर्बो, म्हणजे थोडा वेळ जास्त वेगाने पळणं, बंद होतो. कागदावर वेग कमी दिसतो, पण सारखं वर-खाली होणं थांबतं आणि दिवसभराचं काम उलट सुरळीत होतं. भर उन्हाळ्यात मी हे मनापासून सुचवते.

कूलरबद्दल नेहमी विचारतात. खोली थंड करायला कूलर चांगला, पण त्याचा झोत थेट लॅपटॉपवर घेऊ नका. त्या हवेत ओल असते, कधी बारीक तुषारही येतात, आणि आपल्या क्षारयुक्त पाण्याचे पांढरे डाग मी बोर्डावर पाहिले आहेत.

७. आमचा टॉवेलचा कारखाना आहे, लॅपटॉप मागाच्या शेजारच्या केबिनमध्ये असतो. ब्लोअरने साफ करतो, तरी तापतो.

तुमच्याकडची धूळ नुसती धूळ नसते, तंतू असतात. पंखा ते आत ओढतो आणि पंखा व तांब्याच्या बारीक पात्या यांच्या मधल्या फटीत ते साचून नमद्यासारखा थर तयार होतो. बाहेरून ब्लोअर मारला की हा थर निघत नाही, मागे सरकतो, आणि पंखा फिरला की पुन्हा पात्यांवर येऊन चिकटतो. मागचं झाकण उघडून, पंखा काढून, तो थर चिमट्याने ओढूनच काढावा लागतो. पूर्व भागातल्या एका कारखान्यातून आलेल्या लॅपटॉपमधून मी अख्ख्या पट्टीसारखा निघालेला थर पाहिला आहे. त्या मालकांनी तीन महिन्यांपूर्वी विंडोज पुन्हा टाकून घेतलं होतं.

मागाच्या जवळ असाल तर वर्षातून दोनदा तरी उघडून साफ करून घ्या, एकदा उन्हाळा लागण्याआधी. त्याच वेळी थर्मल पेस्ट (चिपची उष्णता तांब्याकडे नेणारा लेप) बदलायला सांगा. घरी ब्लोअर वापरायचाच असेल तर लॅपटॉप बंद करा आणि पंख्याची पाती काडीने अडवून धरा. जोराच्या हवेने पंखा गरगर फिरला तर त्याचं बेअरिंग जातं.

८. लॅपटॉपचं झाकण बंद ठेवून फक्त मॉनिटरवर काम केलं तर चालेल?

चालेल, आणि ठिपक्यांचा भारही कमी होईल. पण काही लॅपटॉप कीबोर्डच्या फटींतूनही हवा घेतात आणि बिजागरीजवळून बाहेर टाकतात. ते झाकण मिटलं की गुदमरतात. उन्हाळ्यात झाकण उघडं ठेवून प्रश्न ३ मधला "सेकंड स्क्रीन ओन्ली" वापरणं जास्त बरं.

९. माझ्या लॅपटॉपमध्ये ४ जीबीचं वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे. मग तर अडकायलाच नको ना?

असं वाटणं साहजिक आहे, पण कार्ड असणं आणि मॉनिटर त्या कार्डाला जोडलेला असणं या दोन गोष्टी आहेत. अशा लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतात, एक प्रोसेसरमधलं आणि एक वेगळं. एचडीएमआय पोर्ट कोणाला जोडायचं हे कंपनी बोर्ड बनवतानाच ठरवते. एनव्हिडिया कार्ड असेल तर त्याच्या कंट्रोल पॅनेलमध्ये फिज-एक्सच्या पानावर कुठला स्क्रीन कुठल्या चिपला जोडलाय याचं चित्रच दिसतं.

पोर्ट वेगळ्या कार्डाला असेल तर मॉनिटर लावल्या क्षणापासून ते कार्ड जागं राहतं, अगदी नुसतं वर्ड उघडलं असलं तरी. बऱ्याच लॅपटॉपमध्ये दोन्ही चिपांवरून एकच तांब्याची नळी गेलेली असते, त्यामुळे एकाच्या तापाने दुसराही तापतो. गेम किंवा रेंडरिंग करत नसाल तर मॉनिटर यूएसबी-सीला लावून बघा. काही मॉडेलमध्ये ते पोर्ट प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला जोडलेलं असतं आणि पंखा लगेच शांत होतो. गेम खेळत असाल तर उलट, कार्डाला जोडलेलं पोर्टच वापरा.

१०. मॉनिटरच्याच यूएसबी-सी केबलने चार्जिंग होतं, वेगळा चार्जर लावत नाही. ते चुकतंय का?

मॉनिटर किती वॅट देतो ते बघा. लॅपटॉपचा मूळ चार्जर ६५ वॅटचा आणि मॉनिटर देतो ४५, तर जोर पडला की लॅपटॉप बॅटरीतून भर घालतो किंवा वेग कमी करतो. चार्जिंगची खूण दिसत असूनही बॅटरी उतरत असेल तर हेच. मूळ चार्जर लावून दहा मिनिटं चालवून बघा.

एक विचित्र प्रकार: सीपीयूचा स्पीड ०.४ ते ०.८ गिगाहर्ट्झवर येऊन तिथेच खिळतो, लॅपटॉप थंड असला तरी. काही लॅपटॉप चार्जर ओळखू शकले नाहीत तर असं करतात. डुप्लिकेट चार्जर किंवा पिनमधली आतली बारीक तार तुटलेली, हे कारण असतं. लाईट गेल्यावर स्लो होणं मात्र बिघाड नाही. बॅटरीवर गेला की तो मुद्दाम हात आखडतो.

११. बाकी सगळं ठीक, फक्त यूट्यूब अडकतं.

मोठा स्क्रीन दिसला की यूट्यूबची "ऑटो" क्वालिटी वर चढते. व्हिडिओ एव्ही१ या आवळण्याच्या नव्या पद्धतीचा असेल आणि तुमचा इंटेल प्रोसेसर अकराव्या पिढीच्या आधीचा असेल, तर तो उलगडण्याची सोय ग्राफिक्समध्ये नाही, सगळा बोजा सीपीयूवर पडतो. क्वालिटी हाताने १०८० वर ठेवा आणि ब्राउझरमध्ये हार्डवेअर ॲक्सिलरेशन (व्हिडिओचं काम ग्राफिक्सकडे देणारी सोय) चालू आहे का ते बघा.

१२. मॉनिटर जोडला की वाय-फाय मरतं. हे शक्य तरी आहे का?

पूर्णपणे शक्य आहे, आणि लोकांना वेड्यात काढलं जातं म्हणून मला या प्रश्नाबद्दल आपुलकी आहे. यूएसबी ३ च्या केबल आणि हबमधून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट निघतो. इंटेलने २०१२ मध्येच त्यावर टिपण काढलं होतं. वाय-फायचा जुना बँड, ब्लूटूथ आणि वायरलेस माउसचा डोंगल, तिघंही नेमके तिथेच बोलतात. स्वस्त हब वायफायच्या अँटेनाजवळ आला की नेट मंदावतं, माउस अडखळतो, आणि माणूस म्हणतो लॅपटॉप स्लो झाला.

वाय-फाय ५ गिगाहर्ट्झच्या नावावर जोडा. हब लॅपटॉपपासून हातभर लांब ठेवा. माउसचा डोंगल दुसऱ्या बाजूला, शक्य तर यूएसबी २ च्या पोर्टमध्ये लावा.

१३. मॉनिटरऐवजी घरातला टीव्ही वापरतो, तेही असंच का?

टीव्ही चित्र सुंदर करण्यासाठी थोडं रोखून धरतो, म्हणून बाण मागे राहतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड लावा. लॅपटॉपला हात लावायची गरज नाही.

१४. मॅकबुकला हे लागू होतं का?

उष्णता आणि केबलचं सगळं लागू होतं. एक जास्तीची गोष्ट अशी की फोर-के मॉनिटरवर "२५६० बाय १४४० सारखं दिसेल" हा पर्याय निवडला तर मॅक आधी ५१२० बाय २८८० चं चित्र बनवतो आणि मग ते लहान करून पाठवतो. म्हणजे सुमारे १४७ लाख ठिपक्यांचं काम. जुन्या इंटेल मॅकला ते जड जातं, तिथे "१९२० बाय १०८०" निवडा. आणि एम१, एम२ च्या मॅकबुक एअरला बाहेरचा एकच मॉनिटर थेट जोडता येतो. दुसरा लावायचा तर बहुधा डिस्प्लेलिंकचा डॉक लागतो, त्याचा तोटा प्रश्न ५ मध्ये आहे.

१५. रोज शटडाउन करतो, तरी तीन-चार दिवसांनी मॉनिटरवर जड होतोच.

विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन केल्यावर यंत्रणेचा काही भाग जसाच्या तसा जपून ठेवला जातो, ड्रायव्हरमध्ये साचलेला गोंधळही. "रीस्टार्ट" केल्यावरच पाटी खरी पुसली जाते. टास्क मॅनेजरमध्ये "डेस्कटॉप विंडो मॅनेजर" (खिडक्या रचून स्क्रीनचं चित्र तयार करणारा विंडोजचा भाग) एक-दोन जीबी मेमरी धरून बसलेला दिसला तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या किंवा चिप बनवणाऱ्याच्या साइटवरून नवा टाका. काम अर्धवट सोडता येत नसेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा. स्क्रीन क्षणभर काळा होऊन ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो, उघडलेल्या फायली तशाच राहतात.

१६. पुण्याच्या कंपनीचा लॅपटॉप आहे, त्यात काहीच बदलता येत नाही. मी काय करू?

प्रश्न २ मधले चार आकडे आणि रिफ्रेश रेट, दोन्हीचे स्क्रीनशॉट काढून आयटी विभागाला पाठवा. "स्लो आहे" या तक्रारीवर कोणी हलत नाही, "मॉनिटर लावल्यावर स्पीड २.४ वरून ०.८ वर येतो" यावर हलतात. दरम्यान केबल, हब, चार्जर आणि खालची हवा हे चारही तुमच्याच हातात आहेत.

१७. हे सगळं करून झालं. आता तर मॉनिटर काढला तरी लॅपटॉप स्लोच राहतो.

मग मॉनिटर निर्दोष आहे. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्के दिसते का बघा. जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर एसएसडी बसवल्याने जितका फरक पडतो तितका दुसऱ्या कशानेच पडत नाही. पण डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल, फायली उघडताना मध्येच अडकत असतील, तर विंडोज पुन्हा टाकू नका, स्कॅन लावू नका. आधी हिशेबाचा डेटा, डिझाइन आणि घरचे फोटो दुसऱ्या ड्राइव्हवर काढून घ्या. तेही होत नसेल तर लॅपटॉप बंद करून तसाच घेऊन या.